पायली कोणाची?

गोव्यातील सार्वजनिक संस्थांच्या वार्षिक अहवालांचे स्वरूप गेल्या दहा-बारा वर्षांत पालटले आहे. पूर्वी ग्रंथालयाच्या अहवालात नवी पुस्तके, वाचकांनी घरी नेलेली पुस्तके आणि थकलेल्या वर्गण्या यांचे आकडे असत. नाट्यमंडळाच्या अहवालात प्रयोग, तिकीटविक्री आणि देणग्या असत. आता या सर्वांच्या आधी एक नवा रकाना येऊन बसला आहे. संस्थेच्या फेसबुक पेजला यंदा किती लाइक मिळाले, अनुयायी कितीने वाढले, अमुक एका चित्रफितीची ‘पोहोच’ किती हजारांवर गेली, हे चिटणीस पहिल्याच परिच्छेदात सांगतात, आणि शेजारच्या गावच्या संस्थेपेक्षा आपण पुढे आहोत की मागे, ही तुलनाही त्याबरोबर येते. सभासद टाळ्या वाजवतात. (आमच्याकडे ‘पेज’ म्हटले की शेतातून परतलेल्या माणसाच्या पुढ्यात सकाळी दहा-अकराच्या सुमारास येणारे ऊन वाडगे डोळ्यांपुढे उभे राहत असे. त्या पेजेची मोजणी वाडग्यांनी होई आणि तीत सहसा वाद नसे.)

टाळ्यांबद्दल आमची तक्रार नाही. आपल्या कामाची दखल कोणीतरी घेत आहे, हे समाधान लहान संस्थांच्या वाट्याला क्वचितच येते. चिंता आहे ती निराळ्याच गोष्टीची. देणगी कोणाला द्यावी, जाहिरात कोणाच्या स्मरणिकेत द्यावी, कोणत्या कलावंतास व्यासपीठावर बोलवावे, हे ठरवताना आता पेजचा आकडा पुढे केला जातो. सरकारेही यात मागे नाहीत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये डिजिटल जाहिरातींचे धोरण जाहीर केले, त्यात ग्राहकांच्या व प्रेक्षकांच्या संख्येशी जाहिरातीच्या दराची सांगड घातली. उत्तर प्रदेश सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या धोरणात अनुयायांच्या संख्येनुसार खातेदारांचे चार वर्ग पाडले आहेत. फेसबुक, इन्स्टाग्राम व एक्स यांवरील खातेदारांना वर्गानुसार महिना दोन लाखांपासून पाच लाख रुपयांपर्यंत, आणि यूट्यूबवर चित्रफिती करणारांस चार लाखांपासून आठ लाखांपर्यंत मोबदल्याची कमाल मर्यादा त्यात ठरली आहे. भात मोजताना पायली कोणाची, हा आपल्या वाडवडिलांचा पहिला प्रश्न असे. खंड घेणाऱ्या भाटकाराची पायली मोठी आणि माल विकणाऱ्या दुकानदाराची लहान, ही तक्रार फार जुनी आहे. जनतेच्या तिजोरीतला पैसा ज्या मापाने मोजून द्यायचा, त्या मापाविषयी हाच प्रश्न विचारणे अगत्याचे झाले आहे.

विश्वासार्ह मोजणी कशी असते, हे गोमंतकीयांना नव्याने शिकवावे लागू नये. १६ जानेवारी १९६७ रोजी येथे जनमत कौल झाला. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा होता. त्या निकालाचे दुःख झालेली माणसे पुष्कळ होती आणि ते दुःख बरीच वर्षे टिकले. तरीही मोजणीच खोटी, असे सहसा कोणी म्हटले नाही. मतदारांची यादी आधी तयार झालेली होती, एका माणसाला एकच मत होते, फूल आणि दोन पाने या खुणांचा अर्थ मधल्या मध्ये बदलला नव्हता, आणि मतमोजणीस दोन्ही बाजूंची माणसे हजर होती. गणती कोणाची ते ठाऊक असणे, नियम आधी ठरलेला असणे आणि बाहेरचा साक्षीदार असणे, या तीन गोष्टींवर तो आकडा उभा होता. पेजच्या आकड्यांत या तिन्हींची काय अवस्था आहे ते पाहू.

प्रथम गणतीचीच गोष्ट घ्यावी. पेज चालवणाराला तीन-चार तऱ्हेचे आकडे मिळतात: अनुयायी किती, मजकूर किती निरनिराळ्या खात्यांपर्यंत गेला, म्हणजे पोहोच, तो एकंदर किती वेळा पडद्यावर आला, आणि लाइक, शेरे, पुढे पाठवणे वगैरे मिळून प्रतिसाद किती आला. प्रतिसादाला कशाने तरी भागले की टक्केवारी निघते, आणि त्या टक्केवारीने पेजांचा क्रम लावतात. भागायचे कशाने, इथेच सारी मेख आहे. समजा, एका मोठ्या पेजला २,००,००० अनुयायी आहेत. त्याचा एक मजकूर २०,००० खात्यांपर्यंत गेला आणि १,००० प्रतिसाद आले. दुसरे लहान पेज ४,००० अनुयायांचे आहे. त्याचा मजकूर लोकांनी पुढे पाठवल्यामुळे १०,००० खात्यांपर्यंत गेला आणि २०० प्रतिसाद आले. अनुयायांच्या संख्येने भागले तर मोठे पेज अर्ध्या टक्क्यावर आणि लहान पेज पाच टक्क्यांवर, म्हणजे लहान पेज दसपट सरस. पोहोचीने भागले तर मोठे पेज पाच टक्क्यांवर आणि लहान दोन टक्क्यांवर. आकडे तेच, दिवस तोच, आणि जिंकणारा मात्र बदलला. त्यातही दुसऱ्याच्या पेजची पोहोच बाहेरच्याला दिसत नाही. म्हणून ‘आमचे पेज त्यांच्यापेक्षा इतक्या टक्क्यांनी पुढे’ असे तक्ते जे सल्लागार विकतात, त्यांना बहुधा अनुयायांच्या संख्येनेच भागावे लागते, आणि ही गोष्ट तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांतही सापडत नाही.

भागाकाराची चूक किती महाग पडते, याचा दाखला खुद्द फेसबुकनेच दिला आहे. चित्रफीत लोक सरासरी किती वेळ पाहतात, हा आकडा कंपनी जाहिरातदारांना देत असे. एकंदर पाहिलेला वेळ सर्व पाहणारांच्या संख्येने भागण्याऐवजी, तीन सेकंदांहून अधिक पाहणारांच्याच संख्येने भागला जात होता. जे पाहताक्षणीच निघून गेले ते भाजकातून वगळले गेले आणि सरासरी फुगली. सप्टेंबर २०१६ मध्ये ही चूक उघड झाली, तेव्हा ती सुमारे दोन वर्षे चालू होती आणि फुगवटा ६० ते ८० टक्क्यांपर्यंतचा होता. जाहिरातदारांनी दावा लावला. कंपनीने दोष मान्य न करता २०१९ साली चार कोटी डॉलर देऊन तडजोड केली. पैशाचा हिशेब त्याने मिटला असेल. त्याच काळात वाचकांना आता वाचायचे नाही, पाहायचे आहे, असा समज पसरून अमेरिकेतील कित्येक वृत्तसंस्थांनी लेखक कमी केले आणि चित्रफिती करणारे नेमले. त्या निर्णयांमागे हा एकच आकडा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण तो आकडा त्या मेजांवर होता, आणि तो चुकीचा होता.

‘पाहिले’ या शब्दाचा अर्थ तरी काय? आमच्या देवळांतील उत्सवी नाटकांचे उदाहरण घ्या. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. तिसऱ्या अंकाला चटईवर किती माणसे बसून आहेत, त्यावरून गाव नाटकाची प्रत ठरवते. फेसबुकवर वर्षानुवर्षे तीन सेकंद पडदा हलला की ‘पाहिले’ अशी नोंद होत आली, आणि चित्रफीत तर आपोआपच सुरू होते. हा हिशेब उत्सवी नाटकाला लावला, तर खाज्याच्या दुकानाकडे जाताना मंडपात डोकावलेला प्रत्येक माणूस प्रेक्षक ठरेल. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून आपल्या लघुफितींच्या बाबतीत एवढीही अट ठेवली नाही. फीत सुरू झाली, किंवा पुन्हा सुरू झाली, की एक दर्शन धरले जाते. त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडून ‘आमची लोकप्रियता वाढली’ असे सांगणारा मनुष्य लबाड असेलच असे नाही. पायली बदलल्याचे त्याला कोणी सांगितलेले नसते.

येथे दुसरी गोष्ट येते, नियमाची. कोणाच्या पडद्यावर काय यावे, हे ठरवणारे गणित कंपनी आपल्या सोयीने बदलते, आणि बदलल्यावर प्रत्येक पेजचे आकडे वरखाली होतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये लाइकच्या जोडीला प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग यांच्या खुणा आल्या. २०१७ साली या खुणांना साध्या लाइकच्या पाचपट मोल दिले गेले, म्हणजे रागावलेला एक वाचक खूश झालेल्या पाचांच्या तोडीचा धरला गेला. कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांवरून २०२१ साली हे जगाला कळले. तोवर रागाचे मोल कमी होत होत २०२० साली शून्यावर आले होते. मधल्या काळात ज्या पेजांनी जातीच्या, धर्माच्या, भाषेच्या भांडणांवर आपली भरभराट केली, त्यांच्या चालकांना वाटले असेल की आपल्याला लोकांची नाडी कळली. आपल्या गोव्यात भाषेचा वाद हा नेहमीच कोरड्या गवतासारखा. त्यावर ठिणगी टाकणाऱ्या मजकुराला प्रतिसाद अधिक मिळाला, हे आम्ही स्वतः पाहिले आहे, आणि तो मिळावा अशी तजवीज मापातच होती, हे मागाहून वाचले आहे.

तिसरी गोष्ट साक्षीदाराची. क्राउडटँगल नावाचे एक साधन होते. फेसबुकने ते २०१६ साली विकत घेतले. कोणत्या पेजच्या कोणत्या मजकुराला किती प्रतिसाद येतो, हे पत्रकारांना आणि अभ्यासकांना त्यातून बाहेरून पाहता येई. त्यातील एक सोय आम्हांला फार शहाणपणाची वाटत असे: नवा मजकूर त्याच पेजच्या त्याच तऱ्हेच्या आणि तेवढ्याच वेळ जुन्या मजकुराशी ताडून तो नेहमीपेक्षा अधिक चालला की कमी, हे सांगितले जाई. २०२० साली न्यूयॉर्क टाइम्सच्या एका पत्रकाराने या साधनाच्या आधारे अमेरिकेत सर्वाधिक प्रतिसाद मिळालेल्या दहा दुव्यांची यादी रोज प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. यादीत एकाच राजकीय बाजूचे प्रचारक वारंवार वर येऊ लागले. कंपनीने उत्तर दिले की प्रतिसाद म्हणजे पोहोच नव्हे, आणि पोहोचीने मोजले तर चित्र निराळे दिसते. हे उत्तर तत्त्वतः बरोबर होते. वरचे आमचे दोन पेजांचे उदाहरण तेच सांगते. मग ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने ‘सर्वाधिक पाहिला गेलेला मजकूर’ या विषयावर स्वतःचा तिमाही अहवाल काढला. थोड्याच दिवसांत बाहेर आले की आधीच्या तिमाहीचा अहवालही तयार होता आणि तो दाबून ठेवला होता. त्यात सर्वांत अधिक पाहिला गेलेला दुवा लस घेतल्यानंतर मरण पावलेल्या एका डॉक्टरच्या बातमीचा होता. बोभाटा झाल्यावर तो अहवालही प्रसिद्ध करण्यात आला. पुढे १४ ऑगस्ट २०२४ रोजी क्राउडटँगल बंद झाले. त्याच्या जागी जे साधन आले त्याचे दार विद्यापीठांतील आणि ना-नफा संस्थांतील संशोधकांसाठी आहे. बहुतेक वृत्तपत्रांना तेथे प्रवेश नाही. म्हणजे मोजणारा, मोजून देणारा आणि मोजलेल्या मालाची जाहिरात विकणारा एकच, आणि खिडकीही आता त्याने लावून घेतली आहे.

वृत्तपत्रे धुतल्या तांदळासारखी आहेत, असा आमचा दावा नाही. खपाचे आकडे फुगवण्यासाठी छापलेले गठ्ठे सुतळी न सोडताच रद्दीवाल्याच्या काट्यावर गेल्याच्या गोष्टी या धंद्यातील प्रत्येकाने ऐकल्या आहेत, आणि त्या सगळ्याच खोट्या नव्हत्या. पण या रोगाला उपाय म्हणून १९४८ साली ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स स्थापन झाली, आणि तिच्यात प्रकाशकांबरोबर जाहिरातदार व जाहिरात संस्था यांनाही स्थान मिळाले. माल विकणारा आणि घेणारा यांनी मिळून पायली घडवली. दूरचित्रवाणीच्या टीआरपीविषयी ऑक्टोबर २०२० मध्ये वाद उठला, तेव्हा त्या आकड्यांची संस्था असलेल्या बार्कने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले आणि ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. या व्यवस्था सदोष असतील. निदान ज्यांचा माल मोजायचा त्यांच्या एकट्याच्या हाती काटा नसतो.

विकतच्या अनुयायांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, कारण ती चोरी आता सर्वांना ठाऊक आहे. देवूमी नावाची अमेरिकी कंपनी खोटे अनुयायी विकत असल्याचे जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले. पुढच्या वर्षी तेथील व्यापार आयोगाने तिच्या प्रमुखाशी पंचवीस लाख डॉलरची तडजोड केली. आपल्याकडेही शेकड्याच्या भावाने लाइक विकणारांचे निरोप आमच्या कचेरीच्या पत्त्यावर नित्य येतात. खोट्या नाण्यापेक्षा हलक्या वजनाचे खरे नाणे ओळखणे कठीण असते, आणि आमचा भर त्यावरच आहे.

मग संस्थांनी हे आकडे पाहूच नयेत काय? जरूर पाहावेत. आपले वाचक कोणत्या गावचे, ते कोणत्या वेळी पाहतात, नाटकाच्या जाहिरातीवरून किती जणांनी तिकिटाची चौकशी केली, हे कळणे उपयोगाचे आहे. पूर्वी हे कळण्याचा मार्गच नव्हता. पण तुलना करायची तर प्रथम स्वतःच्या गेल्या वर्षाशी करावी, आणि मधल्या काळात कंपनीने नियम बदलला असेल तर तसे लिहून ठेवावे. कालचा मजकूर महिन्यापूर्वीच्या मजकुराशी ताडू नये; दोन्हींना सारखेच दिवस मिळू द्यावेत. पैसे भरून मिळवलेली पोहोच वेगळी काढावी. सरासरीवर विसंबू नये. दहापैकी नऊ मजकुरांना वीस-वीस प्रतिसाद आले आणि जत्रेच्या एका चित्रफितीला १,८२० आले, तर सरासरी २०० निघते, आणि नऊ वेळा जे घडले त्याच्याशी त्या २०० चा काडीमात्र संबंध नसतो. दहा आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला पाहिला तर तो वीस निघतो. चिटणिसाला तो अहवालात घालावासा वाटणार नाही, पण पुढच्या वर्षीचे नियोजन त्याच आकड्यावर होऊ शकेल.

आणि भाजक आपला आपण निवडावा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या थोडी वर होती. समुद्रकिनाऱ्यांची चित्रे देणाऱ्या एखाद्या पेजला याहून अधिक अनुयायी मिळू शकतात, कारण त्यांतील बहुतेक दिल्लीचे, बंगळूरचे, परदेशचे. त्यात गैर काही नाही. पर्यटनाचा धंदाच तो आहे. गावच्या ग्रंथालयाने मात्र आपली तुलना त्याच्याशी का करावी? त्याचा भाजक त्या गावातील वाचू शकणारी माणसे हा आहे. चारशे घरांच्या गावात दीडशे घरांतील माणसे पुस्तक नेत असतील, तर त्या ग्रंथालयाच्या पेजवर तीसच लाइक असले तरी त्याचे अनुदान कापण्याचा विचार कोणा अधिकाऱ्याच्या मनात येता कामा नये. संस्थांना साहाय्य देताना अथवा जाहिरातींचे वाटप करताना राज्याच्या खात्यांनी अनुयायांची संख्या ही कसोटी धरू नये, आणि धरायचीच असेल तर ती संख्या कोणत्या तारखेची, त्यांपैकी गोव्यातील किती आणि पैसे भरून मिळवलेली किती, हे अर्जातच लिहून घ्यावे. ही माहिती पेजच्या मालकाला बव्हंशी उपलब्ध असते. ती देण्यास जो कां कूं करील, त्याच्या अर्जाचे काय करायचे हे खात्याला सांगावे लागणार नाही.

आमच्या कचेरीतही दर सोमवारी असा एक तक्ता येतो. माथ्यावर बहुधा अपघात असतो, नाहीतर नदीकाठी दिसलेली मगर. पावसाळ्याच्या तोंडावर एका गावच्या खाजन शेतीचा बांध फुटून खारे पाणी आत आल्याची आणि मानशीच्या फळ्या कुजल्याची बातमी आम्ही छापली; तक्त्यात ती शेवटून दुसरी होती. त्या बातमीचे कात्रण ग्रामसभेत वाचून दाखवण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी पंचायतीचा माणूस फळ्या मोजायला गेला, असे तेथील आमचा बातमीदार सांगतो. त्या वाचनाची नोंद कोणत्याही यंत्राने केली नाही. तेव्हापासून आम्ही तक्त्याच्या कडेला एक रकाना हाताने आखला आहे: बातमीमुळे काय झाले. पहिल्या आठवड्यात त्यात तीन नोंदी झाल्या. एक या बांधाची, दुसरी एका निवृत्त शिक्षकाने तारखेची चूक दाखवणाऱ्या पोस्टकार्डाची. आणि तिसरी, आमच्या पानावर पत्ता वाचून विधवा पेन्शनचा अर्ज घेऊन कचेरीत आलेल्या एका बाईची, जिला तो अर्ज भरून हवा होता.